कोळी लक्षात राहिला, धुके नाही

१९६० सालच्या मे महिन्यात मी मावशीकडे पुण्याला सुट्टीला गेलो होतो. वय वर्षे दहा. मोठा मावसभाऊ कॉलेजात होता आणि लष्कर भागातल्या एका थिएटरात रविवारी सकाळी लागणारे इंग्रजी चित्रपट बघण्याचा त्याला नाद होता. एका रविवारी मावशीने मला त्याच्या गळ्यात बांधले. इंग्रजी मला कळत नव्हते. दादा कानाशी लागून गोष्ट सांगत होता आणि मागचे प्रेक्षक त्याला गप्प करत होते. चित्रपटाचे नाव होते ‘दि इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन’. आपल्या भाषेत, आक्रसत गेलेला माणूस.

त्यातला कोळी पुढे कित्येक महिने माझ्या डोक्यातून गेला नाही. मावशीच्या वाड्यातले न्हाणीघर अंधारे होते. आत पाऊल टाकण्यापूर्वी मी दारातूनच तांब्याभर पाणी कोपऱ्यात फेकायचो. सुट्टी संपवून गावी परतलो तरी ही सवय सुटली नव्हती. आजीला वाटले, पुण्याला जाऊन पोरगा सोवळे शिकून आला.

तोच चित्रपट गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा पाहिला. एका शाळेतले विज्ञानाचे शिक्षक माझे जुने सहकारी आहेत. नववीच्या वर्गाला क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवताना काही वेगळे करता येईल का, असे ते विचारत होते. मला हा चित्रपट आठवला. फक्त ८१ मिनिटांचा आहे, दोन तासिकांत बसतो. आम्ही शाळेच्या प्रोजेक्टरवर तो लावला आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. कृष्णधवल चित्रपट, प्रौढ माणूस बाहुलीच्या घरात राहतो. मुले खिदळणार याची मला खात्री होती. पहिली पंधरा मिनिटे ती खिदळलीही. मग शांत झाली.

गोष्ट थोडक्यात अशी. स्कॉट कॅरी आणि त्याची बायको लुईस समुद्रात एका छोट्या बोटीवर सुट्टी घालवत आहेत. ती काही आणायला खाली जाते तेवढ्यात एक विचित्र धुके बोटीवरून सरकत जाते. डेकवर स्कॉट एकटाच असतो. त्याच्या अंगावर काहीतरी चमचमणारे चिकटून राहते. सहा महिन्यांनी त्याला कपडे ढगळ होऊ लागतात. डॉक्टर आधी हसण्यावारी नेतात, पण माप खोटे बोलत नाही. लग्नाची अंगठी बोटातून गळून पडते. तपासण्यांतून निघते ते असे: मधल्या काळात एकदा कीटकनाशक फवारणाऱ्या गाडीच्या फवाऱ्यात तो सापडला होता, ते कीटकनाशक आणि धुक्यातले किरणोत्सारी द्रव्य यांचा शरीरात काही संयोग झाला आहे. एका औषधाने आक्रसणे थोडे दिवस थांबते आणि पुन्हा सुरू होते. नोकरी जाते, वार्ताहर दाराशी जमतात. पुढे तो बाहुलीघरात राहू लागतो. घरचेच मांजर त्याच्यावर झडप घालते आणि तो तळघरात पडतो. मांजराने त्याला खाल्ले असे समजून बायको घर सोडते. तळघरात काड्यापेटीचे घर, उंदराच्या सापळ्यातले चीज, गळक्या बंबाच्या पाण्याचा पूर आणि तो कोळी. शेवटी टाचणीने कोळ्याला मारून तो खिडकीच्या जाळीच्या भोकातून बाहेर पडतो आणि आकाशाकडे बघतो.

रिचर्ड मॅथेसन या लेखकाची ‘द श्रिंकिंग मॅन’ ही कादंबरी १९५६ साली आली. तिची कल्पना त्याला एका विनोदी चित्रपटावरून सुचली होती. त्यातले एक पात्र चुकून दुसऱ्याची टोपी डोक्यावर ठेवते आणि टोपी कानांवर उतरते. हसण्याऐवजी मॅथेसनच्या मनात आले, टोपी स्वतःचीच असेल तर? कादंबरी त्याने भाड्याच्या घराच्या तळघरात बसून लिहिली. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल कंपनीने जॅक अर्नोल्ड या दिग्दर्शकाकडून चित्रपट करून घेतला. खर्च साडेसात लाख डॉलरच्या आसपास. त्याच सुमाराच्या ‘टेन कमांडमेंट्स’ला १ कोटी ३० लाख डॉलर लागले होते, यावरून या बजेटची कल्पना यावी. मोठे नट घेणे शक्य नव्हते. नायक ग्रँट विल्यम्स तेव्हा फारसा कोणाला माहीत नव्हता. चित्रपटाचा निम्मा भाग तळघरात घडतो आणि तिथे बोलायला दुसरे कोणी नाही.

पैसा नसला की डोके चालवावे लागते. नटाला लहान करता येत नाही, म्हणून भोवतालचे जग मोठे केले. भलीमोठी पेन्सिल, कात्री, काड्यापेटी, खुर्ची. कादंबरीतला कोळी ‘ब्लॅक विडो’ जातीचा, म्हणजे नखाएवढा. तो कॅमेऱ्यात नीट पकडता येईना म्हणून तळहाताएवढा टॅरंटुला आणला आणि हवेचे झोत सोडून त्याला हवे तिकडे चालवले. सर्वांत अडचण आली ती पाण्याच्या थेंबांची. वरून पाणी ओतले तर ते धारेसारखे दिसे, थेंबासारखे नाही. अर्नोल्डने पुढे मुलाखतींत सांगितले आहे की शेवटी त्याने निरोधची पाकिटे मागवली, त्यांत पाणी भरले आणि वरून एकेक सोडले. खाली येताना त्यांचा आकार थेंबासारखा होई आणि आपटून फुटत. हिशोबनिसाने बिलाबद्दल विचारणा केली तेव्हा काय उत्तर दिले तेही तो रंगवून सांगत असे. ते नववीच्या वर्गात आम्ही सांगितले नाही.

आता विज्ञान. इथे चित्रपटाने भरपूर चुका केल्या आहेत आणि शिक्षकाच्या दृष्टीने हीच त्याची श्रीमंती आहे.

पहिली चूक चित्रपट स्वतःच्या तोंडाने सांगतो. स्कॉटची मूळ उंची सहा फूट एक इंच, म्हणजे ७३ इंच. एका ठिकाणी तो सांगतो, आता माझी उंची साडेछत्तीस इंच आहे आणि वजन ५२ पौंड. आम्ही चित्रपट तिथे थांबवला. उंची बरोबर निम्मी झाली आहे. धडधाकट माणसाचे मूळ वजन १८० पौंड धरा. सगळ्या बाजूंनी निम्मा झालेला माणूस किती वजनाचा असेल? वर्गातून पहिले उत्तर ‘९०’ असे आले, दुसरे ‘४५’. थोड्या वेळाने एका मुलाने खडूचे तुकडे जुळवून पाहिले आणि म्हणाला, आठ ठोकळ्यांतला एकच उरणार, म्हणजे साडेबावीस. लांबी निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होते आणि घनफळ अष्टमांश. पटकथेतले ५२ पौंड हे पावच्या जवळचे आहेत. १९५७ साली हॉलिवुडात वर्ग केला गेला, घन करायचा राहिला. जोनाथन स्विफ्टने १७२६ साली ‘गलिव्हर’ लिहिताना लिलिपुटच्या लोकांकडून बाराचा घन करवून घेतला होता. त्याला जे जमले ते इथे का जमू नये, कोण जाणे.

वर्ग आणि घन यांतली ही शर्यत प्रथम नीट मांडली गॅलिलिओने. नजरकैदेत असताना लिहिलेले त्याचे शेवटचे पुस्तक १६३८ साली हॉलंडमधल्या लायडनला छापले गेले. हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, पण त्यावरचा भार घनफळावर. म्हणून प्राणी मोठा करायचा तर हाड नुसते लांब करून चालत नाही, बेढब जाड करावे लागते. त्याने तसे हाड काढूनही दाखवले आहे. छोटा कुत्रा आपल्याएवढे दोन-तीन कुत्रे पाठीवर घेऊ शकेल, घोड्याला मात्र दुसरा एक घोडाही झेपणार नाही, असे त्याचे म्हणणे.

हाच धागा जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली एका लहानशा निबंधात उचलला. योग्य आकारमान म्हणजे काय, हा त्याचा विषय. खोल खाणीत उंदीर पडला तर झटकून चालू लागतो आणि घोड्याचा चेंदामेंदा होतो, हे त्यांचे उदाहरण पुष्कळांना ठाऊक असेल. योगायोग असा की हा चित्रपट निघाला त्याच १९५७ साली हाल्डेन इंग्लंड सोडून भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. विज्ञान सोप्या भाषेत कसे लिहावे हे शिकायचे असेल तर आजही त्यांचे निबंध काढून बसावे.

हाल्डेन यांचा हिशोब आपण स्कॉटला लावू. सोयीसाठी तळघरातल्या स्कॉटची उंची एक इंच धरू, म्हणजे मूळच्या एक-त्र्याहत्तरांश. ७३ चा वर्ग ५,३२९ आणि घन ३,८९,०१७. मूळचे ८२ किलो वजन आता भरेल सुमारे ०.२ ग्रॅम. स्नायूंची ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, म्हणजे ती ५,३२९ पट कमी झाली. पण वजन पावणेचार लाखांहून अधिक पटींनी कमी झाले. वजनाच्या मानाने तो आपल्या त्र्याहत्तर पट बलवान! चित्रपटात तो टाचणीचा आकडा आणि दोरा घेऊन धापा टाकत खोक्यावर चढतो, दोन खोक्यांमधली फट पार करताना त्याचा जीव जातो. प्रत्यक्षात टुणकन उडी मारली की काम झाले असते. प्राणी लहान असो की मोठा, उडीची उंची फारशी बदलत नाही, हे सतराव्या शतकात बोरेल्लीने दाखवले होते. टोळ आपल्या लांबीच्या कितीतरी पट उडतो तो याचमुळे. तळघरात पडताना स्कॉट चिंध्यांच्या खोक्यात पडतो म्हणून वाचतो. त्या चिंध्यांची गरज नव्हती.

म्हणजे स्कॉटची चैनच की, असे कोणी म्हणेल. इतक्यात मधल्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, “सर, पण त्याला थंडी किती वाजत असेल?” मला विचाराल तर त्या दिवसाचा सर्वांत चांगला प्रश्न हा. उष्णता निघून जाते ती कातडीतून, म्हणजे क्षेत्रफळातून. साठलेली असते घनफळात. लहान सस्तन प्राण्याला म्हणूनच सतत खावे लागते. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली निरनिराळ्या प्राण्यांची मोजमापे जुळवून दाखवले की शरीराला लागणारी ऊर्जा वजनाच्या पाऊणाव्या घाताच्या प्रमाणात असते. त्या नियमाने एक इंची स्कॉटला वजनाच्या मानाने आपल्या पंचवीस पट अन्न लागेल. आपण दिवसाला आपल्या वजनाच्या दोन-अडीच टक्के खातो. त्याला निम्म्याहून अधिक लागणार. आपण महिनाभर उपास काढू शकतो, त्याचा एका दिवसात निकाल लागेल. चित्रपटातला स्कॉट कोरडा केक मिळवण्यासाठी कोळ्याशी लढायला निघतो. इतका वेळ त्याच्याजवळ नव्हताच. सर्वांत लहान सस्तन प्राण्यांचे, म्हणजे एका चिमुकल्या चिचुंदरीचे आणि थायलंडमधल्या एका वटवाघळाचे, वजन दोन ग्रॅमच्या आसपास असते. स्कॉट त्यांच्याही दहापट खाली गेला होता. निसर्गाने त्या घरात कोणी सस्तन ठेवलेला नाही, किडे ठेवले आहेत आणि ते शरीर गरम ठेवण्याच्या फंदात पडत नाहीत.

पाण्याचेही तसेच. थेंब त्याच्या दृष्टीने मोठ्या कलिंगडाएवढा होईलच, पण मुख्य म्हणजे पृष्ठताणामुळे तो चिकट गोळ्यासारखा वागेल. पूर येऊन वाहून जाणे दूरच, थेंबात हात घातला तर बाहेर काढताना मारामार.

यानंतर मुलांनी जो प्रश्न काढला तो माझ्या टिपणात नव्हता. तो लहान झाला म्हणजे नक्की काय झाले? त्याचे अणू लहान झाले की कमी झाले? अणू लहान होत नाहीत. मग पेशी कमी झाल्या असे धरू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. भागिले ३,८९,०१७. उत्तर येते सव्वादोन लाखांच्या जवळ, म्हणजे मुंगीच्या मेंदूत असतात साधारण तितक्या. आणि संपूर्ण चित्रपटभर हा माणूस आपल्याला स्वतःच्या अवस्थेवर गंभीर निवेदन ऐकवत असतो!

पण मला स्वतःला सर्वांत चुटपुट लावून गेला तो शेवटच्या प्रसंगाचा हिशोब. तो मी घरी येऊन रात्री केला. जाळीतून बाहेर पडल्यावर स्कॉट तारे बघतो. विश्वात आपल्यालाही जागा आहे असे त्याला वाटते. हा शेवट कादंबरीतल्यापेक्षा वेगळा आहे, अर्नोल्डने आग्रहाने ठेवलेला, आणि चित्रपट लक्षात राहतो तो बराचसा याच शेवटामुळे. आता त्याच्या डोळ्याची बाहुली बघा. अंधारात आपली बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते. त्याची मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. ताऱ्याकडून आत येणारा प्रकाश ५,३२९ पट कमी. खगोलशास्त्राच्या भाषेत हा सव्वानऊ प्रतींहून थोडा अधिक फरक झाला. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध, त्याची प्रत उणे दीडच्या आसपास. स्कॉटला तो आठव्या प्रतीच्या जवळचा वाटेल, आणि नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपलीकडचे दिसत नाही. त्याला एकही तारा दिसला नसता. चंद्र दिसेल, शुक्र असलाच तर अंधुक ठिपका. बाकी काळोख.

तपशीलही असाच जातो. छिद्र जितके लहान तितके प्रकाशाचे पसरणे अधिक. दिवसा आकसलेल्या बाहुलीतून त्याला पाऊण अंशापेक्षा बारीक काही वेगळे ओळखता येणार नाही, आणि पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. बायको तळघरात येते आणि तो तिला हाका मारतो, ती ऐकत नाही, हा प्रसंग दहाव्या वर्षी मला रडवून गेला होता. तिचा चेहराही त्याला ओळखता आला नसता.

इथपर्यंत सगळे मजेचे. आता धुक्याकडे वळतो.

दहा वर्षांच्या मला धुके आठवतच नव्हते. माझ्या आठवणीत चित्रपट सुरू होतो तो ढगळ कपड्यांपासून. या वेळी मात्र ते पांढरे धुके पाण्यावरून सरकत आले आणि मी बाकावर ताठ बसलो. चित्रपट ते कुठून आले हे सांगत नाही. १९५७ साली वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ते सांगावे लागत नव्हते.

१ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने ‘कॅसल ब्राव्हो’ ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अपेक्षा सहा मेगाटनांच्या आसपास होती. स्फोट झाला पंधरा मेगाटनांचा, हिरोशिमाच्या बॉम्बच्या हजारपट. इंधनातले लिथियम-७ स्फोटात फारसा भाग घेणार नाही असे धरले होते, आणि नेमके त्यानेच भाग घेतला. प्रवाळाचा भुगा वर उडाला आणि किरणोत्सारी राख होऊन खाली आला. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर ‘दाइगो फुकुर्‍यू मारू’ नावाची जपानी मासेमारी बोट होती. नावाचा अर्थ भाग्यवान ड्रॅगन. तिच्यावर २३ माणसे होती. काही तास ती पांढरी राख पडत राहिली आणि माणसे डेकवर दोर ओढत राहिली. तारायंत्र सांभाळणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ रोजी वारले. त्या एप्रिलमध्येच, २ तारखेला, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या आहे तिथे थांबवाव्यात अशी मागणी केली होती. वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार व्हायला १९६३ साल उजाडले.

बोटीची ही हकीकत मला माहीत होती. दुसरी हकीकत मात्र मला पन्नाशी उलटल्यावर वाचायला मिळाली, आणि तिच्यामुळे हा चित्रपट मी पूर्वीसारखा बघू शकत नाही. बिकिनीच्या पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवर रोंगेलाप नावाचे बेट आहे. तिथेही त्या दिवशी राख पडली. मुलांना वाटले काही गंमत आहे. ती तिच्यात खेळली, अंगाला लागली, पाण्यात मिसळली. लोकांना हलवले ते दोन दिवसांनी. राखेत किरणोत्सारी आयोडीन होते. आपली थायरॉइड ग्रंथी आयोडीन गोळा करते. कोणते किरणोत्सारी आणि कोणते साधे हे तिला कळत नाही. मुलांची ग्रंथी लहान, म्हणून तेवढ्याच आयोडीनने तिला होणारी इजा मोठी. इथेही आकारमानाचाच नियम आहे, फक्त त्यात मजा नाही.

१९५७ साली, म्हणजे आपला चित्रपट थिएटरांत चालू होता त्या वर्षी, बेट सुरक्षित आहे असे सांगून रोंगेलापच्या लोकांना परत नेण्यात आले. अमेरिकी डॉक्टरांचे पथक दर वर्षी तपासायला येई. हळूहळू त्यांच्या नोंदींत दिसू लागले की राख पडली तेव्हा अगदी लहान असलेली काही मुले वयाच्या मानाने वाढत नाहीत. हाडांचे वय मागे राहिले होते. दोन मुलग्यांची वाढ तर फारच खुंटली होती. कारण चटकन लक्षात आले नाही, कारण थायरॉइडची तेव्हाची रक्ततपासणी तिथल्या लोकांत फसवे आकडे देत होती. १९६३ साली थायरॉइडमध्ये गाठी सापडू लागल्या तेव्हा उलगडा झाला, आणि १९६५ पासून संप्रेरकाच्या गोळ्या सुरू केल्या.

किरणोत्सारामुळे वाढलेला माणूस आक्रसत नाही. चित्रपटातले ते विज्ञान शुद्ध थाप आहे आणि वर्गात तसे ठणकावून सांगितले पाहिजे. पण राख अंगावर पडून माप चुकलेली मुले खरोखर होती, आणि कोणी तरी दर वर्षी त्यांची उंची मोजून वहीत लिहीत होते. स्कॉटच्या डॉक्टरांसारखेच.

फवाऱ्याबद्दलही थोडे सांगायला हवे. आमच्या गावात डीडीटीवाले येत तेव्हा आम्ही पोरे त्यांच्या मागे मागे हिंडायचो. पाठीवर किंवा पायाशी पंप, भिंतींवर पांढरे पट्टे, दारावर फवारणीची तारीख. तो वास मला आवडायचा. हिवतापाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास आली. माझ्या वडिलांच्या पिढीला तो फवारा देवासारखा वाटे आणि त्यांचे चूक नव्हते. रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ आले १९६२ साली. त्याच्या पाच वर्षे आधी एका स्वस्तातल्या भीतिपटाने फवारणीची गाडी आणि किरणोत्सारी धुके एकाच वाक्यात बसवले होते. दोन गोष्टी एकेकट्या निरुपद्रवी वाटतात, शरीरात एकत्र आल्या तर काय, हा प्रश्न त्यातल्या डॉक्टरांनी विचारला. त्यांचे उत्तर चुकीचे होते.

चित्रपटाला १९५८ साली विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. निरोधच्या थेंबांसकट.

दुसऱ्या तासिकेच्या शेवटी थोडा वेळ उरला होता म्हणून मी रोंगेलापची हकीकत मुलांना सांगितली. थंडीचा प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीने विचारले, त्या दोन मुलांची उंची नंतर वाढली का? गोळ्या सुरू झाल्यावर थोडी वाढली, असे मी सांगितले. मग एकाने सुरुवात पुन्हा लावायला सांगितली. धुके नीट पाहिले नव्हते, म्हणाला. तेवढ्यात घंटा झाली. आता दहावीला दाखवू तेव्हा पहिली पाच मिनिटे दोनदा लावायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.